बोर्डिंग म्हणजे जेवणं की चढणं?

प्रश्न: नमस्कार. प्रश्न साधाच आहे पण घरात यावरून दोन दिवसांपासून वाद सुरू आहे. गणेशपेठ बसस्टँडच्या आजूबाजूला लॉजवर पाट्या असतात, 'लॉजिंग-बोर्डिंग'. मला आजवर वाटायचं दोन्हीचा अर्थ राहणं. मागच्या आठवड्यात पोरीला सोडायला सोनेगावला विमानतळावर गेलो तर तिच्या हातात बोर्डिंग पास. घरी आलो तर नातू म्हणे आबा टीव्ही बंद करा, माझी बोर्डाची परीक्षा आहे. हा एकच शब्द आहे का तीन वेगळे? आणि आमची मंडळी म्हणते की कपाटसुद्धा इंग्रजी कबर्डवरूनच आलं, तेही एकदाचं सांगून टाका. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: काका, शब्द एकच आहे, निदान गेली हजार वर्षं तरी. मुळात बोर्ड म्हणजे फळी, लाकडाची साधी फळी, बस. जुन्या इंग्रजीत फळीला बोर्ड, फळ्यांच्या टेबलाला बोर्ड, लाकडी ढालीला बोर्ड आणि जहाजाच्या बाजूलाही बोर्डच म्हणायचे. यातला जहाजाच्या बाजूचा बोर्ड आधी वेगळा शब्द होता की तोच, यावर भाषेचे जाणकार अजून भांडतात, पण दोघं एकमेकांत असे मिसळले की आता वेगळे काढायची सोय नाही.

आधी लॉज घेऊ. जुन्या काळी तिकडच्या मोठ्या घरांत जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसायचं, लाकडी घोड्या (तिवया) उभ्या करायच्या, त्यांच्यावर लांब फळी टाकायची, जेवण झालं की सगळं उचलून भिंतीला टेकवायचं. म्हणून फळी म्हणजे टेबल, आणि टेबल म्हणजे त्याच्यावरचं जेवण, असा अर्थ सरकत गेला. आपल्याला यात काहीच नवल वाटायला नको, कारण आपली आजी 'पाटपाणी झालं का' विचारायची तेव्हा ती काही लाकडाची चौकशी करत नव्हती, पानं वाढायची का असं विचारत होती. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी सात सागवानी पाट होते, कोपऱ्यांवर पितळी फुलं ठोकलेली, त्यातला एक डुगडुगायचा आणि तो पाहुण्याला कधीच द्यायचे नाहीत, नेहमी माझ्याच नशिबी, वरणाची वाटी सांभाळता सांभाळता अर्धं जेवण व्हायचं.

तर लॉजिंग म्हणजे टेकायला जागा आणि बोर्डिंग म्हणजे दोन वेळचं जेवण. बोर्डिंग स्कूल तेच, जिथे शाळाच जेवू घालते. मी स्वतः दोन वर्षं एका बोर्डिंगात काढली, नाव नाही घेत, तिथलं वरण इतकं पातळ असायचं की ताटाचं बूड दिसायचं, त्याला बोर्ड म्हणणं म्हणजे फळीचा अपमान होता. आणि हो, पाटीवर बोर्डिंग लिहिलंय म्हणून आता लॉजवाल्याला जेवण मागायला जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी पाटी तेवढी जुनी उरलीय, तो तुम्हाला समोरच्या सावजीकडे पाठवून देईल.

आता नातवाचं बोर्ड. टेबलाभोवती बसून कारभार करणारी माणसं, त्यांनाच सोळाव्या शतकापासून बोर्ड म्हणायला लागले. म्हणजे फळीचं नाव फळीभोवतीच्या माणसांना चिकटलं. बोर्ड ऑफ डायरेक्टर्स त्यातलंच, आणि दहावी-बारावीचं बोर्डही. गंमत अशी की आपल्या सरकारी मराठीने त्याचं केलं मंडळ, आणि मंडळ म्हणजे मुळात गोल, वर्तुळ. चौकोनी फळीचं असं गोल झालं, पण आजवर एकाही पोराच्या तोंडून 'माझी मंडळाची परीक्षा आहे' असं मी ऐकलेलं नाही. उलट आपण बोर्डाला आपलं असं एक शेपूट लावलं, 'अमक्याचा पोरगा बोर्डात आला'. हे इंग्रजाला सांगून पाहा, त्याला वाटेल पोरगा संचालक वगैरे झाला. गुणवत्ता यादीत आला हा अर्थ अस्सल आपला आहे, यादी बंद झाली तरी काकू लोक अजून म्हणतातच. तसंच विजेचं. राज्याचं विद्युत मंडळ मोडून २००५ मध्ये त्याच्या महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, पण लाइट गेली की आमच्या गल्लीत अजूनही 'एमएसईबीला फोन लाव नं बे' हेच चालतं, त्या एमएसईबीतला शेवटचा 'बी' म्हणजे हाच बोर्ड.

बसायच्या लाकडावरून माणसांना नाव पडणं ही काही एकट्या इंग्रजीची खोड नाही बरं का. सिव्हिल लाइन्समधून जाताना उच्च न्यायालयाची पाटी पाहा, नागपूर खंडपीठ. इंग्रजीत त्याला बेंच म्हणतात, बेंच म्हणजे बाक, आणि आपलं पीठ म्हणजेही बसायचं आसन, म्हणजे दोन्ही भाषांत न्यायाधीशांना त्यांच्या बैठकीचंच नाव पडलं. (गव्हाचं पीठ वेगळं, ते पिष्टवरून आलं.) त्याच बाकाचा इटलीतला भाऊ म्हणजे बांका, सराफ ज्यावर नाणी मांडून बसायचे तो, आणि त्याची झाली बँक. आपल्याकडे फळीचंही तेच बघा, क्रिकेटवाले म्हणतात मधली फळी कोसळली, पुढारी म्हणतात दुसरी फळी तयार करा, आणि शाळेतला फळा हा त्याच फळीचा मोठा भाऊ, दोन्ही संस्कृत फलकवरून आले. इंग्रज त्याला ब्लॅकबोर्ड म्हणतो, म्हणजे काळी फळी. जुन्या घरांत विजेचा बोर्डसुद्धा खरोखर लाकडी फळीच असायचा, त्यावर ते गोल काळे बटण, खट्ट आवाज करणारे. आता प्लास्टिक आलं, नाव तेच.

राहिला बोर्डिंग पास. जहाजाची बाजू म्हणजे बोर्ड, ती ओलांडून आत गेलात की तुम्ही बोर्डवर. विमान निघालं तेव्हा त्याने जहाजाचे सगळे शब्द उचलले, कॅप्टन, क्रू, केबिन, आणि बोर्डिंगपण. जुन्या जहाजांचं सुकाणू म्हणजे एक मोठं वल्हं, ते उजव्या बाजूला बांधलेलं असायचं, म्हणून उजवी बाजू स्टारबोर्ड, ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही, ते मूळ 'सुकाणूची बाजू' असं आहे. वल्हं मोडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावायची. त्या डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत, पण वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू यायचे, मग १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला की यापुढे डावीला पोर्ट म्हणा. पुढच्या वेळी पोरीला सोडायला जाल तेव्हा नीट पाहा, लोक विमानात डाव्या बाजूनेच चढतात, आणि रात्री डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याच्या टोकाला हिरवा, जहाजावर असतात तसेच.

आता मंडळींचं कपाट. काकूंना सांगा, रागावू नका, पण नाही. कबर्ड म्हणजे कप ठेवायची फळी, आधी तर त्याला दारंसुद्धा नव्हती, उघडं टेबल असायचं. आणि आपलं कपाट संस्कृतातलं, तिथे त्याचा अर्थ दाराची फळी, झडप. हिंदीत अजून तोच अर्थ आहे, बद्रीनाथचे कपाट खुल गए म्हणतात ते काही कपड्यांचं कपाट नव्हे. म्हणजे एक शब्द फळीपासून निघाला, दुसरा दारापासून, आणि दोघं साड्या ठेवायच्या जागी येऊन भेटले. आवाज जुळतो हा निव्वळ योगायोग.

प्रश्न: दादा, मी मिहानमध्ये जॉबला आहे. दिवसभर डॅशबोर्ड बघून बघून डोळे गेले. हा शब्द कारमधून आला ना? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: कारच्याही आधीचा आहे, घोडागाडीतला. घोडा पळायला लागला की त्याच्या खुरांनी चिखल उडतो, तो थेट गाडीवानाच्या अंगावर. ते अडवायला पुढे एक आडवी फळी लावायचे, डॅश म्हणजे इथे तो जोरात उडणारा चिखल, त्याची फळी तो डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, मोटार आली, फळी जागेवरच राहिली आणि तिच्यावर काटे बसले, आणि तिथून ती तुझ्या स्क्रीनवर आली. सोमवारच्या मीटिंगमध्ये बॉस डॅशबोर्ड उघडतो तेव्हा काय उडतं ते तूच सांग.

प्रश्न: मला लेक्चरमध्ये फार बोर होतं. हे बोर आणि तुमचं बोर्ड नात्यात आहेत का? (एक विद्यार्थिनी, रामदासपेठ)

उत्तर: नाही गं. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार जवळजवळ सारखा होतो तेवढंच. बोर करणं म्हणजे भोक पाडणं हा शब्द खूप जुना आहे, अंगणात मारतात ती बोरवेल त्यातली. कंटाळ्याचा बोर मात्र अठराव्या शतकातला, तो कुठून आला यावर इंग्रजीच्या पंडितांचंही एकमत नाही. आणि संक्रांतीनंतर बोरन्हाणात लहान पोरांच्या डोक्यावरून ओततात ती बोरं या सगळ्यांपेक्षा जुनी, संस्कृत बदरवरून आलेली. लेक्चरला खिशात तीच ने, पण बिया बेंचखाली टाकू नको.