साठीनंतर गड चढायचाय? जरूर चढा, पण...

साठी ओलांडली म्हणून दमवणारा व्यायाम वर्ज्य होत नाही, पण पहिल्याच रविवारी सिंहगड नको. बीपी-शुगर तपासून डॉक्टरांशी बोला, मग महिनाभर पुण्यातली पर्वती टेकडी चढा. १०३ पायऱ्या, बोलता येईल इतक्याच वेगाने. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. मी सुरुवातीला तरुणांच्या मागे धावलो आणि उतरताना गुडघा धरला. तीन आठवडे घरचा जिना कठडा धरून, एकेक पायरी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावरच असते, तेव्हा आधी मांड्या तयार करा: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, एक दिवसाआड. छातीत दाब, चक्कर किंवा हातात कळ आली तर तिथेच बसा, सोबत्याला हाक मारा. एकटे जाऊच नका.