क्लास संपल्यावर दादांना काय सांगायचं

अरे, दादा ऑनलाइन गेममधली पॅरी, म्हणजे समोरच्याचा वार ऐन वेळी ढालीनं परतवणं, शिकवतात ना, त्या रविवारच्या क्लासनंतर ‘भारी होतं दादा’ एवढंच टाकून पळू नकोस. त्यातून शिकवणाऱ्याच्या हाती काय लागणार? नेमकं सांग: ‘तिसऱ्या फेरीत तुम्ही डावीकडून भाला मारलात, तेव्हा ढाल कधी उचलायची ते कळलं नाही.’ आधी स्वतःचा पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघ मात्र. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दिसताना, एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. पिंग १२० मिलिसेकंद असला की सात फ्रेम गेल्याच. मी एकदा सात रस्ता चौकाजवळच्या कॅफेत बसून टायमिंगवरून दादांशी भांडलो, आणि दोष निघाला तिथल्या वायफायचा! चूक दाखवायची तर सगळ्यांसमोर नको, डीएम (खासगी मेसेज) कर. फुकट शिकवतोय माणूस, तेही शेंगा चटणी-भाकरीचं ताट बाजूला सारून.