'धावसमय प्रकारनिश्चिती' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ऑब्जेक्टचा (प्रोग्राममधल्या वस्तूचा) टाइप, म्हणजे प्रकार, शोधतात, त्याला 'धावसमय प्रकारनिश्चिती' म्हटलेलं चालेल का?

'प्रकार'बद्दल माझी तक्रार नाही. 'धावसमय' मात्र नको. आपल्याकडे प्रोग्राम चालतो, अडकतो, बंद पडतो, पण धावत नाही. 'चालू असताना' पुरे.

जास्त खटकते ती 'निश्चिती'. निश्चित करणं म्हणजे ठरवणं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत ऑब्जेक्ट तयार होतो त्याच क्षणी त्याचा क्लास, म्हणजे तो ज्या साच्यातून घडतो तो साचा, ठरून गेलेला असतो. पुढे आपण फक्त विचारून घेतो. इंग्रजीतल्या 'डिटरमाइन'मध्ये ठरवणं आणि शोधून काढणं दोन्ही मावतं, 'निश्चिती'त नाही. म्हणून 'ओळखणे'.

आता गंमत अशी, की या ओळखण्यात दोन प्रश्न दडलेत. 'हा कोण?' हा एक आणि 'हा अमक्यांपैकी आहे का?' हा दुसरा. आपला 'पैकी' इथे चपखल बसतो. पायथनमध्ये 'ट्रू'चा टाइप विचारा, उत्तर येतं 'बूल', म्हणजे खरं-खोटं सांगणारा प्रकार. पण 'इझइन्स्टन्स' वापरून 'ट्रू हा इंटपैकी, म्हणजे पूर्णांकांपैकी, आहे का?' असं विचारलंत, तर उत्तर 'हो'! कारण पायथनमध्ये बूल हा इंटचाच सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, आहे. ट्रू अधिक ट्रू केलं की चक्क 2 येतात. यादीतले पूर्णांक वेगळे काढताना 'पैकी'चा प्रश्न विचारला, तर ट्रू-फॉल्सही गुपचूप आत शिरतात. जावात हीच जोडी 'गेटक्लास' आणि 'इन्स्टन्सऑफ' अशी आहे.

सी प्लस प्लसमध्ये आणखी एक मेख आहे. 'आकृती' या क्लासचा पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्ट कुठे आहे ते दाखवणारा, आहे आणि तो दाखवतोय 'वर्तुळ' या तिच्या सबक्लासच्या ऑब्जेक्टकडे. त्या ऑब्जेक्टवर 'टाइपआयडी' चालवलं तर 'वर्तुळ' कळतं, पण त्यासाठी 'आकृती'त निदान एक व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे सबक्लासला आपल्या पद्धतीनं बदलता येणारं फंक्शन, हवं. ते नसेल तर पॉइंटरवरची पाटी वाचून 'आकृती' एवढंच उत्तर मिळतं.

पाटीवर असतो तो जाहीर प्रकार, आत असतो तो खरा प्रकार. त्यामुळे मी 'प्रोग्राम चालू असताना ऑब्जेक्टचा खरा प्रकार ओळखणे' असं लिहीन. लांबलचक वाटलं तर नुसतं 'खरा प्रकार ओळखणे'. पाटीवरचा प्रकार कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचं भाषांतर करणाऱ्याला, आधीच ठाऊक असतो, तो ओळखायला कोण कशाला बसेल?