स्कॅनरची वेळ मागण्याआधी

एमआरआयनं हृदयाचं चुंबकीय क्षेत्र पकडायचंय ना? मग आधी कागद-पेन्सिल घे. छातीबाहेर हे क्षेत्र 100 पिकोटेस्लाच्या आसपास (पिकोटेस्ला म्हणजे टेस्ला या चुंबकीय एककाचा लाख कोटीवा भाग). पृथ्वीचं त्याच्या जवळपास पाच लाख पट. 1963 मध्ये बाउल आणि मॅकफी यांनी ते लाखो वेढ्यांच्या गुंडाळ्यांनी बाहेरून मोजलं. आपला संवेदक मात्र स्नायूतले प्रोटॉन. आत 1 नॅनोटेस्ला, म्हणजे 1000 पिकोटेस्ला धरलं, तरी 50 मिलिसेकंदांत फेज (प्रोटॉनच्या फिरण्याचा कोन) जेमतेम पाऊण अंश सरकते. श्वास, धडधड आणि वाहतं रक्त यांचा गोंधळ त्याहून कितीतरी मोठा. साध्या फेजच्या मागे लागू नकोस, कळकळीनं सांगतोय.

स्पिन-लॉक शीक. त्यात रेडिओ लहरीनं प्रोटॉनचं चुंबकत्व एका दिशेत धरून ठेवतात; त्या लहरीची ताकद लॉकची वारंवारता ठरवते. लॉकची वारंवारता बदलत्या क्षेत्राच्या वारंवारतेशी जुळली की अनुनाद होऊन सिग्नल बदलतो. पण हृदयाचं क्षेत्र सावकाश बदलतं, म्हणून लॉकची वारंवारताही कमी ठेवावी लागते; इतक्या कमी वारंवारतेला मुख्य क्षेत्रातली जराशी असमानताही लॉक बिघडवते, म्हणून शिमिंगला (मुख्य क्षेत्र एकसारखं करण्याला) हवा तेवढा वेळ दे.

माणसाआधी फँटम, म्हणजे स्कॅनरमध्ये माणसाऐवजी ठेवायचा चाचणीचा नमुना. त्यात तारेचं वेटोळं ठेवून ठाऊक असलेला प्रवाह सोड, आणि प्रवाह बंद करूनही तितकेच स्कॅन घे. पुढे हृदयावर ईसीजी ट्रिगरची (ठोक्याला धरून स्कॅन सुरू करण्याची) वेळ तीच ठेवून लॉकची वारंवारता थोडी-थोडी सरकव. हालचालीचा परिणाम फारसा बदलणार नाही. अनुनाद असेल तर एका वारंवारतेला सिग्नलमध्ये खळगा दिसेल.