नवव्या आठवड्यात विमानप्रवास चालेल का?

प्रश्न : मी फोंड्याला राहते. मला नववा आठवडा सुरू आहे. भावाच्या लग्नासाठी मोपाहून विमानाने दिल्लीला जायचे आहे, पण विमानाने गर्भ पडतो, असे सासूबाई म्हणतात. जावे का?

उत्तर : सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, परंतु गर्भारपण सुरळीत असेल तर अधूनमधून केलेल्या विमानप्रवासामुळे गर्भपाताचा धोका वाढत असल्याचे दिसत नाही. पहिल्या तीन महिन्यांतील बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. अशा वेळी बाईने स्वतःच्या प्रवासाला दोष देत झुरावे, हे मला फार अन्यायाचे वाटते. विमानातील हवेचा दाब सुमारे ६००० ते ८००० फूट उंचीवर असतो तितका असतो आणि निरोगी गर्भवतीला तो सोसतो. विमानतळावरील धातुशोधक दारातूनही निर्धास्त जावे.

तिकीट काढण्यापूर्वी मात्र सोनोग्राफी झालेली हवी, कारण गर्भ गर्भाशयातच आहे ना, याची खात्री होणे अत्यावश्यक आहे. गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत वाढत असेल आणि ती नळी प्रवासात फुटली, तर जिवावर बेतू शकते. अंगावरून रक्त जात असेल, पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा तीव्र ॲनिमिया असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका.

खरा त्रास मळमळीचा होईल. कडेची सीट मागा, सुकी बिस्किटे जवळ ठेवा, पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला आणि सीटबेल्ट ओटीपोटाखाली बांधा. उलटीवरील गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी.