वाचक विचारतात: दोन तासांत अबू सिंबेल

प्रश्न (पुणे): डिसेंबरात आम्ही नाईलवरच्या क्रूझने इजिप्त पाहणार आहोत. टूरवाले अस्वानहून पहाटे 4 ला बसने अबू सिंबेलच्या प्राचीन मंदिरांपाशी नेतात आणि दुपारी जहाज सुटायच्या आत परत आणतात. तिथे जेमतेम दोन तास मिळणार. एवढी धावपळ करावी का?

उत्तर: जरूर करावी, पण गर्दी कशी होते ते आधी समजून घ्या. अस्वानपासून अबू सिंबेल सुमारे 280 किलोमीटर, वाळवंटातून तीन-साडेतीन तास. बहुतेक गाड्या पहाटे एकाच सुमारास निघतात, म्हणून साडेसात-आठला सगळे पर्यटक एकदमच फाटकाशी येतात आणि बहुतेक जण आधी प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या मोठ्या मंदिरात शिरतात. आत जाल तशी जागा आक्रसत जाते, गाभाऱ्यापाशी माणसं खोळंबतात आणि तुमच्या दोन तासांतला मोठा हिस्सा रांगेतच संपतो.

तुम्ही उलटं करा. मोठ्या मंदिरापुढे न थांबता सरळ पुढे जा आणि राणी नेफरतारीचं धाकटं मंदिर आधी पाहा. हाथोर देवी आणि राणी यांच्यासाठी कोरलेल्या या मंदिराच्या दर्शनी भागावर सहा उभे पुतळे आहेत, प्रत्येक सुमारे 10 मीटरचा. त्यांतले चार राजाचे, दोन राणीचे, आणि राणी राजाच्या बरोबरीने उंच. इजिप्तच्या शिल्पांत राणी सहसा राजाच्या गुडघ्याएवढीच कोरलेली असते, त्यामुळे हे नीट पाहून घ्या. आत हाथोरचे चेहरे असलेले खांब आहेत. पाऊण तास पुरे.

तोवर पहिली लाट ओसरू लागते. मग मोठं मंदिर. बाहेरचे चार बसलेले पुतळे सुमारे 20 मीटर उंच आहेत. डावीकडून दुसरा प्राचीन काळीच भूकंपात मोडला. त्याचं डोकं आणि धड पायाशी पडलेलं आहे. आत सभामंडपात आठ खांबांना टेकून राजाचे पुतळे उभे आहेत. इथे उजवीकडची, म्हणजे उत्तरेची भिंत सोडू नका. तिच्यावर सीरियातल्या कादेशच्या लढाईचा अख्खा शिल्पपट आहे: छावणी, रथ, नदीने वेढलेला किल्ला. रामसेसने ती स्वतःची जीत म्हणून कोरून घेतली, प्रत्यक्षात आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती साम्राज्याच्या सैन्याशी लढाई अनिर्णित राहिली होती. वेळ कमी पडला तर बाजूच्या कोठारखोल्या सोडा, ही भिंत नको.

आणखी एक अडचण असते. मंदिराच्या आत गाइडना माहिती सांगायची परवानगी नाही, म्हणून ते बाहेर उन्हात उभं करून अर्धा तास बोलतात. आदल्या संध्याकाळीच गाइडला विनंती करा की माहिती बसमध्ये, शेवटच्या अर्ध्या तासात सांगा. ते बहुधा ऐकतात.

सकाळी जाण्याचा एक मोठा फायदा आहे. दोन्ही मंदिरं पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे दर्शनी भागावर ऊन सकाळीच असतं, दुपारनंतर तो सावलीत जातो.

प्रश्न (कोल्हापूर): आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. बस की विमान?

उत्तर: परवडत असेल तर विमान. अस्वानहून पाऊण तास लागतो. बसच्या प्रवासात येऊनजाऊन सात तास पाय दुमडून बसावं लागतं, तेच गुडघ्यांना जड जातं. कसंही गेलात तरी तिथे चालणं आहेच: फाटकातून टेकडीला वळसा घालून मंदिरांसमोरच्या, धरणाच्या तळ्याच्या बाजूला यावं लागतं आणि परत तेवढंच. काठी घ्या, आईंना एकच मंदिर दाखवायचं असेल तर मोठं दाखवा. त्याच दिवशी दुपारी अस्वानजवळचं फिले बेटाचं मंदिर मात्र ठेवू नका.

प्रश्न (ठाणे): हे मंदिर मुळात दुसरीकडे होतं म्हणतात. मग आज दिसतं ते खरं की नक्कल?

उत्तर: दगड खरा, कोरीवकाम खरं, जागा आणि मागचा डोंगर मात्र बदललेला. अस्वानच्या उंच धरणामुळे मूळ जागा पाण्याखाली जाणार होती, म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने 1964 ते 1968 या काळात दोन्ही मंदिरं कापून सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे पुन्हा उभारली. हजाराहून अधिक तुकडे, त्यांतले काही 30 टनांपर्यंतचे. वेरूळच्या कैलासासारखंच हेही अखंड खडकात कोरलेलं असल्याने चिरे सुटे करून नेणं शक्यच नव्हतं, करवतीनेच कापावं लागलं. आजच्या टेकडीच्या पोटात काँक्रीटचा पोकळ घुमट आहे. पुतळ्यांवरून नजर सावकाश फिरवा, सांध्यांच्या बारीक रेषा दिसतात. मोडक्या पुतळ्याचे पडलेले तुकडेसुद्धा जसे होते तसेच मांडले आहेत.

प्रश्न (पणजी): 22 ऑक्टोबरला जाणं साधतंय. सूर्यकिरण पाहायला जावं का?

उत्तर: दोनच तास हातात असतील तर नको. 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला उगवतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत पोचतात आणि तिथल्या चार मूर्तींपैकी तीन उजळतात. चौथी मूर्ती, अंधाराशी जोडलेला देव प्ताह, सावलीतच राहते. पण हा खेळ थोड्याच मिनिटांचा असतो आणि त्यासाठी सूर्योदयापूर्वीच रांगेत असावं लागतं. पहाटे 4 ला अस्वानहून निघून ते जमत नाही. पाहायचंच असेल तर आदल्या रात्री अबू सिंबेल गावात मुक्काम करा. हे दिवस म्हणजे राजाचा जन्मदिवस आणि राज्यारोहण, असं हमखास सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही.

प्रश्न (नागपूर): सोबत काय ठेवावं?

उत्तर: पासपोर्ट, कारण वाटेत तपासणी नाकी आहेत. तिकीट स्वतः काढणार असाल तर कार्ड, रोख घेत नाहीत. पहाटे बसमध्ये गारठा असतो, शाल घ्या. उतरल्यावर टोपी आणि माणशी किमान दीड लिटर पाणी. क्रूझवरून नाश्त्याचा डबा देतात, शाकाहारी हवा हे आदल्या दिवशी दुपारीच सांगून ठेवा. मोबाइलने फोटो काढता येतात, आत फ्लॅश बंद. स्वच्छतागृह फाटकाजवळ आहे, मंदिरांपाशी नाही, तेव्हा खाली उतरण्याआधीच जाऊन या.