भाड्याचा टेम्पो खंबाटकी घाटात बंद पडला तर

पुण्याहून सांगलीला घर हलवताय, टेम्पो ड्रायव्हरसकट ठरवलाय, आणि वाटेत बंद पडला तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, असं विचारलंय. गाडीमालकाचा. पंक्चर, बेल्ट, क्लच सगळं त्याच्याकडे. तुम्ही भाडं देता ते सामान पोहोचवण्याचं. पण ही वादावादी घाटात नको. गाडी ठरवतानाच मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, की गाडी बंद पडली तर दुसरी गाडी लावून माल पलटी करायचा, म्हणजे एका गाडीतून दुसरीत चढवायचा खर्च, हमालीसकट, त्याचा. यावर का-कू करणाऱ्याची गाडी मी तरी घेणार नाही. ॲडव्हान्स डिझेलपुरता द्या, बाकीचे सांगलीत सामान उतरल्यावर.

खंबाटकीच्या चढाला गाड्या गरम होतात त्या बहुतेक जास्त भरल्यामुळे. छोट्या हत्तीत (टाटा एस) अख्खा संसार कोंबू नका. कपाट, फ्रिज, दिवाण असेल तर पिकअप नाहीतर टाटा 407 बघा. इंजिनच्या तापमानाचा काटा वर जायला लागला की जागा बघून गाडी थांबवायला सांगा, आणि इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण कुणाला उघडू देऊ नका. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

बंद पडलीच तर गाडी जमेल तेवढी डावीकडे, चारही इंडिकेटर चालू. बायका-पोरांना केबिनमध्ये बसवून ठेवतात, ते सगळ्यात वाईट. मागून येणाऱ्या ट्रकला वळणावर उभी गाडी ऐनवेळी दिसते. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. गाडीतला लाल चमकणारा इशाऱ्याचा त्रिकोण चांगला मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या आधी. दगड लावलेत तर निघताना उचला, रात्री दुचाकीवाला त्यावरच जातो.

मग 1033, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन, चोवीस तास. 'घाटात आहोत' एवढं पुरत नाही; जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि 'साताऱ्याकडे जाणारी बाजू' हे सांगा. क्रेन कुठपर्यंत नेणार, पैसे पडणार का, हे फोनवरच विचारा. कुणाला लागलं असेल तर आधी 112.

ड्रायव्हर म्हणेल, अर्ध्या तासात होतंय. होऊ द्या. पण पार्ट साताऱ्याहून आणायचाय असं कळलं की लगेच मालकाला दुसरी गाडी मागा, संध्याकाळची वाट बघू नका. आणि माल घाटात पलटी करायचा नाही. गाडी ओढून खाली सुरूरच्या बाजूला एखाद्या पंपावर किंवा ढाब्यावर घ्या, तिथे दोन गाड्या पाठीला पाठ लावता येतात.

दागिने, कागदपत्रं, औषधं स्वतःच्या पिशवीत. गाडीच्या विम्यात तुमचं सामान धरलेलं नसतं, म्हणून भरतानाच फोटो काढा आणि यादी करा. वापरातल्या घरसामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) लागत नाही. कुणी अडवलं तर तीच यादी दाखवायची. अमावस्येला घर हलवायला चालत असेल तर टेम्पो पटकन मिळतो, भावही थोडा तुटतो.